फर्डिनांड पोर्शे : लोकांच्या मोटारीचा शिल्पकार आणि एका नावाचा हिशेब

१९९९ साली जगभरातील मोटारविषयक पत्रकार आणि जाणकारांच्या मंडळाने विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ मोटार अभियंता म्हणून फर्डिनांड पोर्शे यांची निवड केली. हा सन्मान मिळाला तेव्हा पोर्शे यांच्या निधनाला जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मगावी वेगळीच घटना घडली. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या व्रातिस्लावित्से या गावाच्या वेशीवरील फलकांवर पोर्शे यांचे जन्मस्थान असा अभिमानाने केलेला उल्लेख होता. नाझी राजवटीशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर बोट ठेवत नागरिकांनी आक्षेप घेतला आणि तो उल्लेख हटवण्यात आला. ज्याचे नाव जगभरच्या रस्त्यांवर धावते, त्याचे नाव त्याच्याच गावाने फलकावरून उतरवावे, असे का घडले हे समजून घ्यायचे तर पोर्शे यांचे आयुष्य आरंभापासून पाहावे लागते.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच दूरचा नाही. पुण्याजवळच्या चाकण येथे २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे आणि या कंपनीच्या मोटारी आपल्या रस्त्यांवर नित्य दिसतात. त्या कंपनीची पहिली मोटार ज्यांच्या कार्यालयात कागदावर उतरली, ते पोर्शे. त्यांच्या चरित्रात यंत्रे आहेत, शर्यती आहेत, कल्पकतेचे थक्क करणारे प्रसंग आहेत. आणि सत्तेच्या आश्रयाला गेलेल्या गुणवत्तेची अस्वस्थ करणारी कहाणीही आहे.

पत्र्याच्या दुकानातून व्हिएन्नाकडे

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ येथे झाला. व्रातिस्लावित्सेचेच हे तेव्हाचे जर्मन नाव. तो प्रदेश त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. वडील आन्टोन पोर्शे हे पत्रेकामातील कसबी कारागीर होते. थोरल्या मुलाच्या अकाली मृत्यूनंतर दुकान पुढे फर्डिनांडनेच चालवावे, अशी त्यांची इच्छा होती आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाच्या हाती लहानपणीच हातोडी आणि पत्रा कापायची कातर आली.

मुलाचे मन मात्र विजेकडे ओढ घेत होते. गावात गिन्झके यांचा गालिचांचा मोठा कारखाना होता आणि तेथे विजेचे दिवे लागले होते. आजूबाजूची घरे रॉकेलच्या उजेडात असताना त्या कारखान्यातील झगमगाट पाहून हा मुलगा भारावून गेला. दिवसा वडिलांच्या दुकानात काम आणि संध्याकाळी शेजारच्या रायशेनबर्ग येथील तंत्रशाळेतील वर्ग, असा त्याचा क्रम सुरू झाला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याने स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले. पोराचे हे वेड दुकानाच्या चौकटीत मावणारे नाही, हे अखेर वडिलांनाही उमगले.

१८९३ मध्ये फर्डिनांड व्हिएन्नात आला. बेला एगर या विद्युत यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत त्याला काम मिळाले. विद्यापीठात रीतसर प्रवेश घेण्याइतके शिक्षण नव्हते. म्हणून कामावरून सुटल्यावर तो तंत्रविद्यापीठातील व्याख्यानांना मागच्या बाकावर जाऊन बसे. पुढे ज्यांच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी कायमची जोडली गेली, त्या पोर्शे यांच्याकडे अभियांत्रिकीची एकही कमावलेली पदवी नव्हती. दोन्ही डॉक्टरेट सन्माननीय होत्या. चार वर्षांत साध्या कामगारापासून कंपनीच्या चाचणी विभागाच्या प्रमुखपदापर्यंत ते पोहोचले, ते हातातील कौशल्याच्या बळावर.

चाकात बसवलेली मोटर

व्हिएन्नात याकोब लोनर या नावाची घोडागाड्या तयार करणारी नामांकित कंपनी होती. घोड्यांचे युग सरत आले आहे, हे ओळखून लोनर यांनी मोटारगाड्यांकडे लक्ष वळवले आणि १८९८ मध्ये पोर्शे त्यांच्याकडे दाखल झाले. पेट्रोलवर चालणारी इंजिने तेव्हा आवाज आणि धूर करणारी, बेभरवशाची होती. पोर्शे यांनी वीज निवडली. त्यांची खरी कल्पकता दिसली ती मोटर बसवण्याच्या जागेत. इंजिनाची शक्ती साखळ्या, पट्टे आणि दातेरी चक्रांमधून चाकापर्यंत नेताना तिचा बराचसा अंश वाया जातो. पोर्शे यांनी विजेची मोटर थेट पुढच्या चाकांच्या तुंब्यातच बसवली. मधली सारी यंत्रणा अनावश्यक ठरली. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे मोटार मांडली गेली आणि अवघ्या पंचविशीतील या अभियंत्याचे नाव युरोपभर पोहोचले.

बॅटरीचे अवजड वजन ही या गाडीची मोठी अडचण होती. त्यावर त्यांनी काढलेला उपाय आजच्या वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. त्यांनी गाडीत पेट्रोलचे इंजिन बसवले, पण ते चाके फिरवण्यासाठी नव्हते. त्या इंजिनाने वीज तयार करायची आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी चालवायच्या, अशी ती रचना होती. आज ज्यांना हायब्रिड म्हणतात, त्या मोटारींच्या आद्य नमुन्यांपैकी ही एक. चाकातच मोटर बसवण्याच्या तत्त्वाला पुढे किती अर्थ येणार होता, हे १९७१ मध्ये दिसले. अपोलो १५ मोहिमेत चंद्रावर फिरलेल्या वाहनाच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र विद्युत मोटर होती.

पोर्शे स्वतः उत्तम चालक होते. आपली यंत्रे शर्यतीत उतरवून, त्यांच्या उणिवा हातांनी अनुभवून सुधारणा करणे ही त्यांची पद्धत. १९०३ मध्ये त्यांनी अलोइझिया केस यांच्याशी विवाह केला. १९०४ मध्ये कन्या लुईझ आणि १९०९ मध्ये पुत्र फेरी यांचा जन्म झाला. या दोन्ही अपत्यांच्या घराण्यांनी पुढे जर्मन मोटार उद्योगाचा इतिहास घडवला.

मोठ्या कंपन्या, लहान मोटारीचा ध्यास

१९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीत मुख्य अभियंता म्हणून गेले. १९१० च्या प्रिन्स हाइनरिश स्पर्धेत त्यांच्या मोटारींनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पहिल्या महायुद्धात त्यांनी अवजड तोफा ओढणारी वाहने तयार केली. त्याच काळात ते कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले आणि व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या संस्थेत ते एकेकाळी चोरून व्याख्याने ऐकत, त्याच संस्थेचा हा सन्मान होता.

युद्धानंतर साम्राज्य विस्कळीत झाले आणि श्रीमंत ग्राहकवर्ग आक्रसला. लहान, हलक्या आणि स्वस्त मोटारीचा विचार पोर्शे यांच्या मनात घर करू लागला तो याच काळात. १९२२ मध्ये त्यांनी बनवलेल्या झाशा या चिमुकल्या शर्यती मोटारीने सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ स्पर्धेत आपल्या गटात बाजी मारली. संचालक मंडळाला मात्र लहान मोटारींत रस नव्हता. वाद विकोपाला गेला आणि १९२३ मध्ये पोर्शे स्टुटगार्टच्या डाइम्लर कंपनीत तांत्रिक संचालक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी मर्सिडीजच्या सुपरचार्जर असलेल्या दणकट मोटारी घडवल्या. एसएसके ही त्यांपैकी सर्वांत नावाजलेली. १९२६ मध्ये डाइम्लर आणि बेन्झ या कंपन्या एकत्र आल्या. नव्या मंडळापुढेही पोर्शे यांनी लहान मोटारीचा आग्रह धरला आणि तेथेही तोच विरोध अनुभवाला आला. दशक सरता सरता ते तेथून बाहेर पडले.

ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीतील नोकरीही जागतिक मंदीच्या तडाख्यात संपली. पोर्शे यांचा स्वभाव तापट होता. पैशाचा हिशेब पाहण्यापेक्षा यंत्र परिपूर्ण करण्याकडे त्यांचा ओढा असे आणि त्यामुळे वित्तविभागाशी त्यांचे खटके उडत. वय पंचावन्न, नाव मोठे, हाती नोकरी नाही आणि बाजारात मंदी, अशा अवस्थेत त्यांनी स्वतःचे कार्यालय काढण्याचे ठरवले.

स्टुटगार्टमधील कार्यालय आणि विसरलेला भागीदार

एप्रिल १९३१ मध्ये स्टुटगार्ट येथे पोर्शे यांच्या नावाची कंपनी नोंदवली गेली. ही कंपनी मोटारी तयार करणार नव्हती. इतर कंपन्यांसाठी आराखडे आखून देणे, हा तिचा व्यवसाय होता. कार्ल राबे, एर्विन कोमेन्डा यांच्यासारखे जुने सहकारी पोर्शे यांच्याबरोबर आले. पहिल्या कामाला त्यांनी सातवा क्रमांक दिला. आपण अगदी नवखे आहोत असे ग्राहकाला वाटू नये, हा त्यामागचा हेतू. याच वर्षी त्यांनी टॉर्शन बारचे पेटंट घेतले. धक्के शोषण्यासाठी पारंपरिक स्प्रिंगांऐवजी पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या वापरण्याची ही पद्धत पुढे अनेक मोटारींनी स्वीकारली.

या कंपनीचे भागीदार तीन होते : स्वतः पोर्शे, त्यांचे जावई व वकील आन्टोन पिएश आणि आडोल्फ रोझेनबर्गर. रोझेनबर्गर हे नावाजलेले शर्यतपटू होते. कंपनीच्या आरंभीच्या काळात पैसा उभा करणे आणि कामे मिळवणे, ही जबाबदारी त्यांनी पेलली. ते ज्यू होते. जर्मनीतील सत्तांतरानंतर त्यांना व्यवस्थापनातून बाजूला व्हावे लागले आणि १९३५ मध्ये त्यांचा दहा टक्के हिस्सा केवळ दर्शनी किमतीला पोर्शे कुटुंबाकडे गेला. तोवर कंपनीच्या हाती सरकारी कामे आली होती आणि त्या हिश्श्याचे खरे मोल कितीतरी वाढले होते. त्याच वर्षी गेस्टापोने त्यांना अटक करून किस्लाऊच्या छळछावणीत टाकले. सुटकेनंतर ते देश सोडून गेले आणि अमेरिकेत नव्या नावाने राहिले. युद्धानंतर त्यांनी दावा केला, तेव्हा काही रक्कम आणि एक मोटार देऊन तडजोड झाली. कंपनीच्या स्थापनेच्या कथेतून त्यांचे नाव पुढे अनेक दशके जवळजवळ गायब होते.

राजाश्रय

लहान मोटारीच्या योजनेसाठी पोर्शे यांनी त्सुन्डाप आणि एनएसयू या कंपन्यांबरोबर काम केले. नमुने तयार झाले, पण दोन्ही कंपन्यांनी खर्चाच्या भीतीने माघार घेतली. १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांना आमंत्रित करून कारखाने दाखवले आणि मोठे पद देऊ केले. ते त्यांनी नाकारले. दहा वर्षे जे स्वप्न प्रत्येक संचालक मंडळाने धुडकावले, ते साकारण्याचे सामर्थ्य असलेला आश्रयदाता १९३३ मध्ये जर्मनीत सत्तेवर आला.

हिटलरला मोटारींचे आकर्षण होते आणि सामान्य जर्मन कुटुंबाला परवडणारी मोटार हा त्याच्या प्रचाराचा मोठा भाग होता. २२ जून १९३४ रोजी पोर्शे यांच्या कंपनीशी लोकांच्या मोटारीचा करार झाला. किंमत एक हजार मार्कांच्या आत ठेवण्याची अट होती. उद्योगातील जाणत्यांना ती अशक्य वाटत होती. पोर्शे यांनी आव्हान स्वीकारले. पहिले नमुने त्यांच्या स्टुटगार्ट येथील घराच्या गॅरेजमध्ये जोडले गेले.

या मोटारीची रचना पाहिली की पोर्शे यांची दृष्टी लक्षात येते. सामान्य माणसाकडे गॅरेज नसणार, गाडी कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभी राहणार आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी गोठणार. म्हणून इंजिन हवेने थंड होणारे. ते मागच्या बाजूला बसवले, त्यामुळे पुढून मागे शक्ती नेणारा लांब दांडा वाचला आणि बसायला अधिक जागा मिळाली. चार सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवल्याने इंजिन बुटके आणि सुटसुटीत झाले. हवेला कमी अडथळा व्हावा म्हणून शरीर गोलाकार. नव्या महामार्गांवर ताशी शंभर किलोमीटरचा वेग दीर्घकाळ टिकवता येईल, अशी ही गाडी होती. १९३७ मध्ये तयार केलेल्या तीस नमुन्यांची चाचणी लाखो किलोमीटर चालवून घेण्यात आली.

या गाडीतील प्रत्येक कल्पना एकट्या पोर्शे यांची नव्हती. टाट्रा कंपनीचे हान्स लेडविन्का मागे इंजिन असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या गोलाकार मोटारी बनवत होते. पेटंटच्या उल्लंघनाबद्दल टाट्राने दाखल केलेला दावा चेकोस्लोव्हाकियावरील जर्मन कब्जानंतर दडपला गेला आणि साठच्या दशकात फोक्सवॅगनने भरपाई देऊन तो मिटवला. बेला बारेन्यी यांनी विद्यार्थिदशेत आखलेल्या आराखड्यांची दखलही युद्धोत्तर काळात न्यायालयाने घेतली. योझेफ गान्झ हे ज्यू अभियंता व संपादक अशाच मोटारीचा पुरस्कार वर्षानुवर्षे करत होते. त्यांना १९३४ मध्ये जर्मनी सोडावे लागले. हवेत तरंगणाऱ्या अनेक कल्पनांना एकत्र आणून टिकाऊ, स्वस्त आणि मोठ्या संख्येने बनवता येईल असे रूप देणे, हे पोर्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निर्विवाद श्रेय. पण त्या कल्पनांचे इतर धनी बाजूला पडले, त्याला तेव्हाची राजवटही कारणीभूत होती.

२६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेनजवळ भव्य कारखान्याची कोनशिला बसवण्यात आली. त्यासाठी लागणारा पैसा नाझी कामगार संघटनेकडून आला आणि त्या संघटनेची संपत्ती म्हणजे १९३३ मध्ये मोडून काढलेल्या स्वतंत्र कामगार संघटनांची जप्त केलेली मालमत्ता. गाडीची किंमत ९९० मार्क ठरली. दर आठवड्याला किमान पाच मार्कांची बचत तिकिटे चिकटवून गाडी मिळवायची, अशी योजना आली. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरले. युद्ध सुरू झाले, कारखाना लष्करी उत्पादनाकडे वळला आणि या बचतदारांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर त्यांनी दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. तो १९६१ मध्ये नव्या मोटारीच्या किमतीत सवलत किंवा अल्प रोख रक्कम, अशा तडजोडीवर संपला.

युद्ध आणि वेठबिगार

पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. पुढच्याच वर्षी त्यांना राजवटीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९४२ मध्ये एसएस संघटनेत त्यांना ओबरफ्यूरर ही श्रेणी देण्यात आली. रणगाड्यांविषयीच्या समितीचे अध्यक्षपद काही काळ त्यांच्याकडे होते. लोकांच्या मोटारीच्या सांगाड्यावर क्यूबेलवागेन आणि पाण्यातही चालणारी श्विमवागेन ही लष्करी वाहने त्यांनी तयार केली. रणगाड्यांतही त्यांनी तरुणपणीची जुनी कल्पना पुन्हा वापरली : पेट्रोल इंजिनाने वीज आणि विजेने चाके. टायगर रणगाड्याच्या स्पर्धेत त्यांचा आराखडा हरला, तेव्हा आधीच तयार झालेल्या सुमारे नव्वद सांगाड्यांपासून रणगाडाविरोधी वाहने बनवली गेली आणि त्यांना फर्डिनांड असे नाव पडले. १८८ टन वजनाचा माउस हा राक्षसी रणगाडाही त्यांच्याच कार्यालयातला. त्याचे दोनच नमुने तयार झाले.

या काळातील सर्वांत गंभीर भाग कारखान्यातील माणसांचा आहे. पोर्शे त्या कारखान्याच्या सर्वोच्च व्यवस्थापकांपैकी एक होते आणि जावई पिएश दैनंदिन कारभार पाहत. युद्धकाळात तेथे सुमारे वीस हजार लोकांना वेठबिगारीने राबवण्यात आले. त्यांत पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून आणलेले स्त्रीपुरुष होते, युद्धकैदी होते, छळछावण्यांतील कैदी होते. १९४२ मध्ये कारखान्याच्या ओतशाळेच्या बांधकामासाठी आवारातच काही महिने एक छळछावणी चालवली गेली. वेठबिगार स्त्रियांची अर्भके त्यांच्यापासून तोडून वेगळ्या बालगृहात ठेवली जात. र्‍यूएन येथे हलवलेल्या त्या बालगृहात उपासमार, अस्वच्छता आणि हेळसांड यांमुळे तीनशेहून अधिक बालके दगावली. कारखान्याच्या डॉक्टरला त्याबद्दल युद्धानंतर ब्रिटिश न्यायालयाने मृत्युदंड दिला. व्यवस्थापनातील वरिष्ठांवर त्या प्रकरणी खटला चालला नाही.

पोर्शे हे विचारसरणीने कडवे नाझी होते का, यावर बरीच चर्चा झाली आहे. राजकीय भाषणे करणारा हा माणूस नव्हता. आराखड्यांच्या मेजापाशी रमणारा होता. मात्र आपल्या कामासाठी लागणारे पैसे, माणसे आणि पोलाद कुठून येते, याची त्यांना पुरेपूर माहिती होती आणि ते मिळवण्यासाठी सत्तेच्या सर्वोच्च दारापर्यंत जाण्याची त्यांची तयारी होती. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या भीष्म-द्रोणांची व्यथा आपल्याला महाभारताने दाखवली. त्या दोघांना निदान आपल्या पक्षाचा अधर्म बोचत होता. पोर्शे यांना तशी बोच लागल्याची खूण त्यांच्या चरित्रात शोधूनही सापडत नाही.

कैद आणि अखेर

युद्ध संपल्यावर फ्रेंच अधिकाऱ्यांनी लोकांच्या मोटारीची फ्रेंच आवृत्ती तयार करण्याच्या चर्चेसाठी पोर्शे यांना बाडेन-बाडेन येथे बोलावले. डिसेंबर १९४५ मध्ये तेथेच पोर्शे आणि पिएश यांना अटक झाली. प्यूजो कारखान्यातील यंत्रे व कामगार जर्मनीत नेल्याचा आरोप होता. सत्तरी ओलांडलेल्या पोर्शे यांना पॅरिस आणि नंतर दिजाँ येथे ठेवले गेले. पॅरिसमध्ये असताना रेनॉच्या नव्या छोट्या मोटारीविषयी त्यांचा सल्लाही घेतला गेला. सुमारे वीस महिन्यांनी, ऑगस्ट १९४७ मध्ये, मोठी रक्कम भरून त्यांची जामिनावर सुटका झाली. ती रक्कम उभी करण्यात फेरी यांनी चिसितालिया या इटालियन कंपनीसाठी केलेल्या शर्यती मोटारीच्या कामाचा मोठा वाटा होता. पुढे फ्रेंच न्यायालयाने त्यांना या आरोपातून मुक्त केले. वेठबिगारीबद्दल मात्र त्यांना कुठल्याच न्यायालयात उत्तर द्यावे लागले नाही.

वडील तुरुंगात असताना फेरी आणि लुईझ यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी, जुन्या लाकूड गिरणीच्या आवारात, व्यवसाय पुन्हा उभा केला. तेथेच फोक्सवॅगनचे सुटे भाग वापरून पहिली पोर्शे ३५६ तयार झाली आणि जून १९४८ मध्ये तिला रस्त्यावर धावण्याची परवानगी मिळाली. आज पोर्शे म्हटले की ज्या क्रीडामोटारी आठवतात, त्यांचा वंश येथून सुरू होतो. तो आरंभ मुलाच्या पिढीने केला.

दरम्यान ब्रिटिशांच्या ताब्यातील त्या भग्न कारखान्यात मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने लोकांच्या मोटारीचे उत्पादन सुरू केले. ब्रिटिश मोटार उद्योगाच्या तज्ज्ञांना या गाडीत काहीच व्यापारी भवितव्य दिसले नव्हते. १९४८ पासून हाइनरिश नॉर्डहॉफ यांनी सूत्रे घेतली आणि त्याच वर्षी झालेल्या करारानुसार प्रत्येक गाडीमागे पोर्शे कंपनीला मानधन मिळू लागले. नोव्हेंबर १९५० मध्ये पंच्याहत्तर वर्षांचे पोर्शे वोल्फ्सबुर्गला गेले. ज्या गाडीसाठी त्यांनी संचालक मंडळांशी वाद घातला, ती आता जर्मनीच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसत होती. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रियातील त्सेल आम झे येथे कुटुंबाच्या मालमत्तेवरील छोट्या प्रार्थनामंदिरात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये पोर्शे ३५६ ने ले मॉन्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजय मिळवला.

नावाचा हिशेब

पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. लोकांची मोटार बीटल या नावाने जगभर पोहोचली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी तिने उत्पादनसंख्येत फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा विक्रम मोडला आणि ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत तिची संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली होती. हुकूमशहाच्या प्रचारासाठी जन्मलेली ही गाडी अमेरिकेतील युद्धविरोधी तरुणाईचे प्रतीक बनली, हा काळाचा विलक्षण खेळ.

नावलौकिक वाढत गेला, तशी जुनी पाने उलटली गेली नाहीत. अनेक वर्षे कंपन्यांच्या इतिहासात युद्धकाळ दोन-चार ओळींत आटोपला जाई. ऐंशीच्या दशकात फोक्सवॅगनने हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपवले आणि १९९६ मध्ये त्यांचा मान्फ्रेड ग्रीगर यांच्यासमवेत लिहिलेला विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेठबिगारीची व्याप्ती आणि व्यवस्थापनाचा सहभाग त्यातून कागदपत्रांनिशी पुढे आला. १९९८ मध्ये कंपनीने पूर्वीच्या वेठबिगारांसाठी मदतनिधी जाहीर केला. तोवर त्यांतील अनेकजण हयात नव्हते. रोझेनबर्गर यांची कहाणी तर एकविसाव्या शतकात माहितीपट आणि संशोधनातून नव्याने चर्चेत आली, तेव्हा कुठे कंपनीच्या इतिहासात त्यांना संस्थापकाचे स्थान मिळू लागले.

उद्योगाची कीर्ती ही पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली पुंजी असते. तिचा वारसा घेणाऱ्यांनी तिच्यावरील कर्जही स्वीकारायला हवे. जर्मनीने हे उशिरा का होईना केले, म्हणूनच आज पोर्शे यांच्याविषयी मोकळेपणाने बोलता येते. मागच्या बाकावर बसून विद्या मिळवणारा, चाकात मोटर बसवण्याचे धाडस करणारा, सामान्य माणसाच्या गॅरेज नसलेल्या घराचा विचार करून इंजिन आखणारा हा अभियंता आदरास पात्र आहे. गाडीत बसणाऱ्या सामान्य माणसाचा त्यांनी इतका बारकाईने विचार केला. ती गाडी ज्या कारखान्यात बनायची, तेथे वेठीला धरलेल्या माणसाचा विचार त्यांनी केला नाही. जन्मगावच्या नागरिकांनी फलकावर आक्षेप घेतला तो याच कारणाने, आणि आपल्याही मुलांना थोर संशोधकांची चरित्रे सांगताना ही दुसरी बाजू वगळून चालणार नाही.